विणीची दोरी घेऊन कृष्णाकाठी

मी टाइपरायटर दुरुस्त करतो. पुण्यात एका बोळात माझं दुकान आहे आणि गेल्या बावीस वर्षांत मी त्या बोळाबाहेर फारसा पडलेलो नाही. सातारा-सांगलीकडे लोक देवदर्शनाला जातात, हवापालटाला जातात. मी गेलो तो मासे धरायच्या एका रिळापायी, आणि तेही मी स्वतः मासे खात नसताना. त्र्याहत्तर सालच्या दुष्काळात मी त्या मुलखात सहा दिवस काढले. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, काय काय पाहिलं? नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

रीळ माझ्याकडे आलं ते आदल्या पावसाळ्यात. लष्करी इस्पितळातला एक परिचारक ते टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. वॉर्डातल्या एका जखमी नाइकाचं आहे, बारीक यंत्र दिसलं म्हणून तुमच्याकडे आणलं, असं म्हणाला. परदेशी बनावटीचं, मुठीत मावेल एवढं यंत्र होतं. आत एक छोटी फिरकी, तिच्यावर दोरी. बाजूची कळ दाबली की फिरकी मोकळी होते आणि गळ फेकला की आपली आपण फिरून दोरी सोडत जाते. मात्र तिच्यावर अंगठा हलका टेकवून ठेवावा लागतो. अंगठा चुकला तर दोरी जाते त्याहून फिरकी जास्त वेगानं पळते आणि जागच्या जागी गुंत्याचं घरटं होतं. दात्यांमध्ये बारीक वाळू गेली होती आणि एक दाता वाकला होता. चार दिवस खपून मी ते नीट केलं आणि स्वतःच इस्पितळात पोचवलं.

तो नाईक, सर्जेराव, तिशीचा असेल. उजवा पाय मांडीपासून गेलेला. त्यानं रीळ कानाशी धरून फिरवून पाहिलं आणि विचारलं, “वाळू समदी काढली?” मी होय म्हणालो. त्यावर त्यानं विचारलं, ती वाळू कुठं टाकली. मला तो प्रश्न विचित्र वाटला. मग मी अधूनमधून त्याला भेटायला जाऊ लागलो. हे रीळ त्याच्या मेजरसाहेबांचं. सर्जेराव त्यांचा ऑर्डर्ली होता. साहेब लढाईनंतर वारले, एवढंच तो बोलला होता.

लाकडी पाय बसवून तो गावी गेला आणि माघात त्याचं पत्र आलं. अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी होतं. डोहात अजून पाणी आहे, बाजारातली नायलॉनची दोरी कामाची नाही, साहेबांच्या रिळावर असायची तशी विणीची दोरी घेऊन या, आणि तुम्हीच या, असं लिहिलं होतं. कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात मला ती मिळाली. शिवायच्या दोऱ्याएवढी बारीक, पण आठ पदरांची घट्ट वीण. दुकानदार म्हणाला, साहेब लोक गेल्यापासून हिला कुणी विचारलेलं नाही.

रहिमतपूर

मिरज पॅसेंजरनं मी दुपारी रहिमतपूरला उतरलो. सर्जेराव कुबड्या घेऊन बैलगाडीला टेकून उभा होता. लाकडी पाय गाडीत आडवा, धोतरात गुंडाळलेला. घामानं पट्टे चावतात, गावात शिरताना घालतो, म्हणाला.

कृष्णा तिथून पश्चिमेला दोन कोसांवर. रस्ताभर दोन्ही अंगांना जोंधळा गुडघ्याएवढा होऊन जळून गेला होता. बैलांच्या फासळ्या मोजता येत होत्या आणि गाडीवान त्यांना एकदाही हाकत नव्हता. वाटेत दुष्काळी काम लागलं. रस्त्याच्या कडेला फर्लांगभर माणसं ओळीनं बसून खडी फोडत होती, त्यांत बायका जास्त. सर्जेरावानं गाडी थांबवली. डोक्यावर ओलं फडकं घेतलेली एक बाई उठून उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं आणि परत खाली बसून हातोडी उचलली. “आमची मंडळी,” तो म्हणाला. हौसावहिनींना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

संध्याकाळी त्या घरी आल्या आणि त्यांनी तांब्याभर पाणी माझ्यापुढे ठेवलं. आमच्याकडे पाहुण्यानं पाय धुऊन मग घरात यायची रीत आहे. मी अर्धं पाणी प्यालो आणि उरलेलं सवयीनं पायांवर ओतलं. ओतून झाल्यावर त्यांचा चेहरा दिसला. दीड मैलावरून डोक्यावर आणलेलं पाणी होतं ते. पुढचे सगळे दिवस मी ओल्या पंचानं तोंड पुसलं.

जेवायला रेशनच्या मिलोची, म्हणजे तांबड्या अमेरिकी ज्वारीची, भाकरी आणि लसणाची चटणी होती. भाकरी थापताना तुटत होती, वहिनी ती पुन्हा पुन्हा जोडत होत्या. अमेरिकेत हे जनावरांना घालतात म्हणे, असं त्यांनी मला विचारलं. मला ठाऊक नव्हतं. मी मासे खात नाही हे कळल्यावर त्यांचा हात थांबला. मग मासं धरायला एवढ्या लांब कशापायी आलात, असं त्यांनी सरळ विचारलं. सर्जेराव ताटाकडे बघत राहिला. मी म्हणालो, यंत्र अडतं म्हणून आलो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

डोह

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. मी ज्या कृष्णेचं नाव ऐकत आलो होतो ती तिथं नव्हतीच. वाळू, गोटे आणि मधून चपला घालून ओलांडता येईल अशी एक धार. एका वळणावर मात्र काळ्या शिळेच्या पायथ्याशी डोह उरला होता. पाणी हिरवं, जड, हलत नव्हतं. समोरच्या काठावर उंबर, त्याची मुळं पाण्यात उतरलेली. मुळांच्या सावलीत मधूनच पचकन आवाज होई आणि गोल लाट फुटे. मरळ मासा श्वास घ्यायला वर येतो, त्याचा तो आवाज, असं सर्जेरावानं सांगितलं.

पूर्वी तो छातीएवढ्या पाण्यातून चालत जाई आणि हातानंच गळ मुळाशी सोडी. आता लाकडी पाय भिजवता येत नाही. कातड्याचे पट्टे कुजतात, गुडघ्याचं लोखंड गंजतं. पाय काढला तर गाळात उभं राहता येत नाही. म्हणजे शिळेवर बसूनच गळ पलीकडे टाकायचा. डोक्यावरून गळाची काठी फिरवून त्यानं पाहिलं होतं, पण तोल जाऊन कुशीवर गोट्यांत पडला. कोपराची खूण त्यानं मला दाखवली. राहिली ती एकच तऱ्हा. काठीचं टोक खाली, गळ डाव्या हातात, आणि झोक्यासारखा खालून सोडून द्यायचा, पाण्याला लागून सरपटत जाईल असा. साहेब ह्याला पिच म्हणत आणि त्यांनीच त्याला ते शिकवायला घेतलं होतं.

अंतर मोजायला मीच पाण्यात उतरलो. विजार गुंडाळून दोरखंडाचं टोक घेऊन निघालो आणि मध्यावर कमरेपर्यंत रुतलो. एक चप्पल गाळात गेली ती गेलीच. शिळेपासून मुळापर्यंत बत्तीस हात भरले. मग सर्जेरावानं पाय काढून शेजारी ठेवला, बैठक जमवली आणि गळाच्या जागी शिशाचा गोळा बांधून टाकला. चौदा हात. पुन्हा टाकला, तेरा हात. तिसऱ्यांदा नायलॉन फिरकीवरून स्प्रिंगसारखं उसळलं आणि गुंता झाला. तो सोडवायला आम्हाला जेवणवेळ झाली.

मला मासेमारीतलं काही कळत नव्हतं, पण ती फिरकी कळत होती. नायलॉन ताठ असतं. फिरकीवर गुंडाळलं तरी त्याला सरळ व्हायचं असतं. विणीची दोरी मऊ, पडेल तशी पडून राहते. मी नायलॉन काढून ती भरली. पहिल्याच फेकीला सगळं बिघडलं. दोरी ओढली गेली की गुंडाळी अख्खीच्या अख्खी गुळगुळीत फिरकीवर घसरत होती, तिला धरायला काही नव्हतं. सर्जेरावानं आपल्या जखमेवरच्या पट्टीची चिकट कड कातरून दिली. ती फिरकीच्या तळाला चिकटवली आणि मग दोरी बसली. संध्याकाळपर्यंत अठरा हात.

तिसऱ्या दिवशी दुसरी अडचण. दोरी सैल गुंडाळली तर वरचा वेढा खालच्यांत रुतून बसे आणि फेक मध्येच हिसका खाऊन तुटे. म्हणून भरताना ती ओल्या फडक्यातून ओढून घट्ट भरायची ठरवली. फडकं ओलं करायला डोहाचंच पाणी घेतलं. मग माझ्या लक्षात आलं की फिरकी काठोकाठ भरण्यात अर्थ नाही. जितकी जड, तितकी ती सुरू व्हायला आळशी. पंचेचाळीस हातांपुरती दोरी ठेवली आणि बाकीची काढली. फिरकी आवळणारी बाजूची टोपी ढिली केली, गोळा आपल्या वजनानं सावकाश खाली उतरेल एवढीच. आसाच्या दोन्ही टोकांना टाइपरायटरच्या तेलाचा एकेक थेंब. चोवीस हात.

पुढचं काम त्याच्या अंगठ्याचं होतं. विणीची दोरी कातडीला करवतीसारखी लागते. दुपारपर्यंत त्याच्या अंगठ्यातून रक्त येऊ लागलं. थांबू या म्हटलं तर त्यानं पंचाची चिंधी बांधली. चिंधीतून फिरकी कळेना, तशी ती सोडून टाकली. गळ फेकायचा नाही, नुसता हातातून जाऊ द्यायचा, असं साहेब सांगत. ते त्याला जमत नव्हतं. शेवटच्या क्षणी खांदा आवळला जाई आणि गोळा वर उडे.

त्या संध्याकाळी त्यानं पेटीतून एक आंतर्देशीय पत्र काढून मला वाचायला दिलं. मिरजेहून मेजरसाहेबांच्या वडिलांनी चार महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. अक्षर वळणदार, शिक्षकाचं. ‘सुधीरच्या अखेरच्या वेळी तुम्ही जवळ होता असे कळते. त्याचे मासे धरायचे रीळही तुमच्यापाशी असल्याचे समजले. प्रकृती सुधारली असल्यास ते घेऊन एकदा यावे. आम्ही दोघे वाट पाहतो.’

मी विचारलं, मग गेला का नाहीत?

“एकदा त्या मुळापातुर गळ गेला की जातो,” तो म्हणाला.

मला वाटलं, रिळाचा मोह सुटत नसेल. एवढं देखणं यंत्र, आणि मालक तर गेलेला. मी त्याला समजावलंसुद्धा की वस्तू त्यांच्या मुलाची आहे, परत करायलाच हवी. त्यानं मान हलवली आणि पत्र घडी घालून ठेवून दिलं.

मुळापर्यंत

चौथ्या दिवशी वारा नव्हता. सकाळी सव्वीस, सत्तावीस. मग पुष्कळ वेळ तिथंच अडकलं. मी त्याच्या मागं बसून त्याचा खांदा बघत होतो. यंत्रात आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी आम्ही भाकरी खाल्ली. तो शिळेला टेकून डोळे मिटून पडला, उठला आणि काठी घेतली. ह्या वेळी त्यानं जोरच लावला नाही. टोक खाली गेलं, वर आलं, डाव्या हातातला गोळा सुटला आणि पाण्यावरून वीतभर उंचीनं सरळ निघाला. फिरकीचा आवाज एकसारखा, शिवणयंत्रासारखा येत राहिला. गोळा उंबराच्या मुळावर टक्‌ करून आपटला.

मी टाळी वाजवली. सर्जेरावाच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. तो त्या मुळाकडे बघत होता. मग त्यानं गोळा परत ओढला आणि पुन्हा टाकला. पुन्हा बत्तीस. दिवस मावळेपर्यंत त्यानं वीस-पंचवीस वेळा तरी टाकला असेल, आणि त्यातल्या बऱ्याच फेकी मुळापर्यंत पोचल्या. उद्या शिशाऐवजी बेडकी लावून मरळ धरायचा असं ठरवून आम्ही घरी आलो. वाटेत तो म्हणाला, “साहेबांनी महिनाभर शिकवलं. तवा जमलं न्हाई.”

गाळ

पाचव्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा लांबूनच इंजिनांची धडधड ऐकू आली. वरच्या अंगाला ज्यांचा ऊस उभा होता त्यांनी मिळून डोहावर दोन इंजिनं लावली होती आणि ती पहाटेपासून चालू होती. ऊस वाचवायचा तर दुसरं पाणी नव्हतं. त्यांचीही चूक म्हणता येणार नाही. डोह घोट्याएवढा उरला होता. उंबराची मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती.

सगळं गाव गाळात उतरलं होतं. पाट्या, घमेली, लुगड्याचे ओचे, मिळेल त्यात लोक मासे भरत होते. मरळ गाळात शिरून बसत आणि माणसं कोपरापर्यंत हात घालून त्यांना बाहेर काढत. कुणी भांडत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. कामावर बसल्यासारखी सगळी वाकलेली होती. शिळेपासून मुळापर्यंतच्या बत्तीस हातांत आता पायवाटा पडल्या होत्या.

सर्जेराव शिळेवर बसला. रीळ लावलेली काठी त्यानं मांडीवर आडवी धरली होती. मला त्याच्याकडे बघवेना, म्हणून मी इंजिनांकडे बघत राहिलो. एक इंजिन नीट चालत नव्हतं, ठोके चुकवत होतं. मला ते दुरुस्त करता आलं असतं. मी जागचा हललो नाही.

थोड्या वेळानं हौसावहिनी गाळानं माखलेल्या आल्या. त्या दिवशी खडीचं काम बंद होतं. त्यांच्या पाटीत दोन मरळ होते, एक हातभर लांबीचा, अजून तोंड उघडत मिटत होता. त्यांनी पाटी नवऱ्यापुढे ठेवली. त्या खुशीत होत्या आणि ते साहजिक होतं. घरात कितीतरी दिवसांनी असं काही शिजणार होतं. “तीन दिस बसला हुता न्हवं,” त्या म्हणाल्या. “मुळाबुडीच हुता ह्यो. मी घटकंत काढला.” त्यांच्या मनात टोचायचं काही नव्हतं. सर्जेरावानं माशाच्या पाठीवरून हात फिरवला आणि लय मोठा हाय म्हणाला.

रात्री कालवणाचा वास घरभर होता. मी भाकरी-चटणी खाल्ली. सर्जेराव दोन वेळा मागून जेवला, मग हात धुता धुता म्हणाला, “मिस्तरी, उद्या मिरजंला जाऊ. तुमी संगं चला.”

मिरज

गाडीत त्यानं लष्करी कोट घातला होता, पायही पट्टे आवळून घातला होता. कऱ्हाडपर्यंत दोन्ही बाजूंना राखेच्या रंगाची जमीन होती. कऱ्हाडला कोयनेचं पाणी कृष्णेत येतं, आणि तिथून पुढं उजव्या हाताला नदीकडे हिरवागार ऊस सुरू झाला. डाव्या हाताला कडेगावच्या बाजूचे डोंगर उघडेबोडके, पाठीवरचं कातडं सोललेल्या जनावरासारखे. मधून आमची गाडी जात होती. डब्यातले लोक सगळे उजव्या खिडक्यांतून बघत होते. सर्जेराव डावीकडे बसला होता आणि त्यानं जागा बदलली नाही.

मिरजेत घर शोधायला वेळ लागला नाही. सतार करणाऱ्यांच्या गल्लीतून जावं लागतं. दुकानांच्या माळ्यांवर वाळलेले भोपळे रचलेले, दारात माणसं तारा कसत बसलेली. मागच्या गल्लीत बैठं घर होतं. साहेबांच्या वडिलांनी दार उघडलं. ते इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, सडपातळ, सत्तरीकडे झुकलेले. त्यांनी प्रथम सर्जेरावाच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि हाताला धरून खुर्चीवर बसवलं. भिंतीवर साहेबांचा फोटो होता. मी तो पहिल्यांदाच पाहत होतो. वडिलांसारखंच नाक.

सर्जेरावानं रीळ टेबलावर ठेवलं. “सायेब, हे मी कुणाला न इचारता ठेवून घेतलं.”

“रीळ राहू द्या,” ते म्हणाले. “ते निमित्त होतं. पलटणीकडून पत्र आलं, त्यात ‘नदीकाठाची पाहणी करताना मृत्यू’ एवढंच आहे. मला तेवढं पुरत नाही.”

मग सर्जेरावानं सांगितलं. सावकाश, एकेक गोष्ट क्रमानं, जबानी देतात तसं. लढाई थांबून महिना झाला होता. पंजाबात नदीकाठी तळ होता. रविवारी सुट्टी म्हणून साहेब आणि तो गळ घेऊन काठावर गेले. पेरलेले सुरुंग काढून झालेल्या जागेला पांढरी फीत लावली होती, ते फितीच्या आतच होते. पुढं लव्हाळ्याचा पट्टा होता आणि त्यापलीकडे मोकळं पाणी. साहेबांनी रीळ त्याच्या हातात दिलं आणि लव्हाळ्यावरून पलीकडे टाक म्हणाले. त्याची फेक तोकडी पडली आणि गळ लव्हाळ्यात अडकला, फितीच्या बाहेर. तो दोरी कापणार होता. साहेब म्हणाले, दोरी चांगली आहे, कापू नकोस, ताणून धर, मी सोडवतो. फीत ओलांडून ते तीन पावलं गेले. स्फोट झाल्यावर सर्जेराव त्यांच्याकडे धावला आणि दुसरा सुरुंग त्याच्या पायाखाली फुटला. शुद्धीवर आला तेव्हा रीळ त्याच्या हातातच होतं, वाळूनं भरलेलं.

इस्पितळात त्यानं वाळूबद्दल का विचारलं होतं ते मला तेव्हा कळलं. ती मी दुकानापुढच्या गटारात झटकली होती. आणि मोहाबद्दल मी ह्या माणसाला उपदेश केला होता.

शेजारच्या गल्लीतून एकच तार छेडल्याचा आवाज येत होता, कुणीतरी ती पुन्हा पुन्हा लावून बघत होतं. वडिलांनी चष्मा काढून हातात धरला होता.

“किती कमी पडलं होतं?” त्यांनी विचारलं.

“चार हात.”

“तुम्ही त्याला अडवलं होतं?”

“न्हाई,” सर्जेराव म्हणाला. “सायबाला कसं अडवायचं? मला तवा सुचलं न्हाई.”

वडिलांनी मान हलवली. आतल्या दाराकडे एकदा पाहून ते हलक्या आवाजात म्हणाले की हिला मी पत्रातलंच वाचून दाखवलं आहे, तिच्यापुरतं तेवढंच राहू द्या. एवढ्यात साहेबांच्या आई चहा घेऊन आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी मुलाबद्दल काही विचारलं नाही. पाय दुखतो का, घरी कोण कोण, गावात प्यायला पाणी आहे का, एवढंच विचारलं आणि कपबश्या घेऊन आत गेल्या. निघताना वडील म्हणाले, हे इथं राहू दे. त्यांनी रीळ उचललं नाही, त्यावर नुसता हातरुमाल टाकला. आम्हाला फाटकापर्यंत पोचवायलाही ते आले नाहीत.

स्टेशनवर परतीच्या गाडीला दोन तास होते. सर्जेराव बाकावर कुबड्या मांडीवर घेऊन बसला होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की सांगून टाकलंत हे बरं झालं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून वेळापत्रकाच्या फळ्यापाशी गेलो.

गाडी लागायच्या सुमारास साहेबांचे वडील प्लॅटफॉर्मवर येताना दिसले. पायात घरातल्या सपाता, धाप लागलेली, हातात पितळेचा डबा. ते सर्जेरावापुढे उभे राहिले आणि तो उठू लागला तसं त्यांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं.

“ती दाराआड होती. सगळं ऐकलं तिनं,” ते म्हणाले. “तुम्ही गेल्यावर मी आत गेलो, तर पोळ्या लाटत होती. म्हणाली, हे त्याला वाटेत खायला द्या. आणि डबा टपालानं पाठवायचा नाही. त्यानं स्वतः आणून द्यायचा.”

एवढं बोलून ते वळले. गाडी सुटेपर्यंत थांबले नाहीत.

सर्जेरावानं डबा मांडीवर घेतला. भिलवडी गेली, ताकारी गेली, ऊस संपला. त्यानं डबा उघडला नाही आणि मलाही उघडा म्हणवलं नाही. कऱ्हाड सोडल्यावर त्यानं विचारलं.

“मिस्तरी, डबा मोकळा कसा न्यायचा? घरात घालाय काय हाय?”

आमच्याकडेही रिकामा डबा परत करत नाहीत. मी म्हणालो, वहिनींना विचारा, त्यांना सुचेल. रहिमतपूरला तो उतरला. दोन कुबड्या धरून डबा हातात घेता येईना, तसा त्यानं तो पंचात बांधून गळ्यात अडकवला. गाडी हलली तेव्हा तो गाडीतळाकडे चालत होता आणि डबा त्याच्या छातीवर आपटत होता.

महिन्याभरानं त्याचं कार्ड आलं. अक्षर ह्याही वेळी दुसऱ्याचंच. हौसावहिनींनी माहेरून थोडे हुलगे मिळवले, भाजून दळले आणि ते पीठ डब्यात भरून दिलं. साहेबांच्या आईंनी डबा घेतला, पीठ काढून ठेवलं, डबा घासून पुसून आणला आणि तो भरून पुन्हा त्याच्या हातात दिला. रिळाचं नाव कुणी काढलं नाही. आता परत जावं लागणार, एवढं लिहून खाली सर्जेरावाची सही होती.